बँडच्या सेवेतून मुक्त करणेबाबत

मराठी रॉक संगीताचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्यात माझ्या नावावर एक राजीनामा जमा होईल. तो मी फुलस्केप कागदावर, डावीकडे दोन बोटं समास सोडून, निळ्या शाईत लिहिला होता. पुढे तो हजारो लोकांनी हात वर करून म्हटला. माझ्या बेस गिटारबद्दल मात्र आजवर कुणी एक शब्द काढलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

हे नीट सांगायचं तर आधी वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयात शिपाई होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण या टेबलावरचा अर्ज त्या टेबलावर नेण्यात त्यांची उमर गेली होती, आणि न वाचता, नुसत्या नजरेने, ते सांगायचे की याला ‘विषय’ लिहिलेला नाही, हा परत येणार. घरातही तोच कायदा. शाळेच्या सहलीला जायचं असेल तर मी बाबांच्या नावे अर्ज करायचो. ते चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत तो वाचायचे आणि खाली मोठ्या अक्षरांत सही करायचे. बहिणीने एकदा तोंडी परवानगी मागितली तर म्हणाले, “कागद आण.” थोडी गंमत होती ती, पण माझ्यावर तिचा कायमचा परिणाम झाला. योग्य नमुन्यात मागितलं तर जगात काहीही मिळतं, अशी माझी श्रद्धा बसली. त्या श्रद्धेवर मी बारावी झालो, शिष्यवृत्ती मिळवली, इंजिनिअरिंगला लागलो आणि पुण्यात आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. सुरुवातीचं वर्षभर मी सगळ्यांचे आभार मानत होतो. होस्टेलच्या रेक्टरचे, मेसवाल्या मावशींचे, बसच्या कंडक्टरचे. एका कंडक्टरने तर मला विचारलं, “बरं आहे ना तुम्हाला?”

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लागली. ‘रॉक बँडसाठी बेसिस्ट हवा.’ खाली कँटीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलाचा पत्ता. बेसिस्ट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण जागा रिकामी आहे, जाहिरात निघाली आहे आणि आपण अर्ज केलेला नाही, ही अवस्था मला सहन होईना. मी बायोडेटा लिहिला. सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती जोडल्या.

टेबलाशी तिघे बसले होते. गायक कोथरूडचा, उंच, बोलताना समोरच्याकडे न पाहणारा. गिटारवाला इतका कमी बोलायचा की मला वर्षभर तो वरच्या वर्गात आहे असंच वाटत होतं. आणि ड्रमर, मार्केट यार्डातल्या एका कांदा-बटाट्याच्या आडत्याचा मुलगा, आवाजाने आणि अंगाने मोठा. गायकाने माझा बायोडेटा शांतपणे वाचला.

“गणितात दीडशेपैकी एकशे बेचाळीस. वा. ह्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही पण आहे.”

“हो,” मी म्हणालो. “मूळ प्रती होस्टेलवर आहेत. आणू का?”

“नको, नको. विश्वास आहे आमचा. छंद, वाचन आणि टाळी. टाळी हा छंद असतो?”

मी सांगितलं. बाबा तरुणपणी गावच्या गायन पार्टीत कोरसला होते. पुढे मुख्य गायक, मागे चौघे, त्यातले शेवटचे बाबा. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम व्हायचे. मी बाबांच्या मागे सतरंजीवर बसून टाळी धरायचो. नोकरी कायम झाल्यावर बाबांनी पार्टी सोडली. मी तेव्हा सातवीत होतो, पण टाळी माझ्या हातात राहिली.

“धर बघू,” म्हणून ड्रमरने टेबलावर दोन चमचे वाजवायला सुरुवात केली. मला चुकवायला तो मध्येच थांबला, मध्येच दुप्पट गतीला गेला, उलटा फिरला. मी टाळी सोडली नाही. कँटीनवाल्याने आम्हा चौघांना उठवेपर्यंत हे चाललं होतं.

“हा चालेल,” ड्रमर म्हणाला. “हातात बेस देऊ आणि सांगू, टाळी समजून वाजव.”

“आणि एवढी झेरॉक्स आणलीये त्याने,” गायक म्हणाला. “वाया कशाला घालवायची.”

अशी माझी नेमणूक झाली. बेस गिटार गिटारवाल्याच्या भावाची होती. तो नुकताच अमेरिकेला गेला होता. त्या काळात पुण्यात बऱ्याच वस्तू अशा मिळायच्या. कुणाचा तरी भाऊ अमेरिकेला गेलेला असे आणि त्याची स्कूटर, पलंग किंवा गिटार मागे राहिलेली असे. सन दोन हजार उजाडताच जगातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी सगळ्यांना काळजी लागली होती, आणि त्या काळजीवर मुलांना भराभर नोकऱ्या मिळत होत्या. मला चार तारांच्या गिटारचा फार आनंद झाला. सहापेक्षा चार म्हणजे अभ्यासक्रम कमी, असा माझा हिशेब. पहिल्याच आठवड्यात बोटांना फोड आले आणि जर्नल लिहिता येईना.

तालीम शनिवारी व्हायची. मार्केट यार्डाला त्या दिवशी सुट्टी असे आणि ड्रमरच्या वडिलांचा गाळा मोकळा असे. चारी बाजूंनी बटाट्याची पोती छतापर्यंत लावलेली. बाहेर रस्त्यावर काही ऐकू जायचं नाही. पुढे मोठमोठ्या स्टुडिओंतून आल्यावरही ड्रमर म्हणायचा की बटाट्यासारखा आवाज शोषणारी वस्तू नाही. श्रोते म्हणजे पोत्यांवर दुपारची झोप घेणारे दोन हमाल. एकदा आम्ही वीस मिनिटांचं गाणं जीव तोडून वाजवून थांबलो. त्यातला एक उठून बसला आणि आदराने म्हणाला, “दादा, मशिनी लावून झाल्या का? गाणं कधी धरणार?”

गाणी सगळी इंग्रजी होती. गायक स्वतः लिहायचा. मला अर्ध्या ओळी कळत नसत. पण ज्या कागदावर आपण काम करतो तो समजून घ्यावा, या विचाराने मी शंका विचारायचो.

“ह्या गाण्यात तू हायवेवर एकटा निघालायस. हा हायवे कुठला?”

“कुठला असा नाही रे. फीलिंग आहे ते.”

“मला सोलापूर रोड वाटला.”

“सोलापूर रोडला फीलिंग येतं का तुला?”

“आमची बस तिकडून नाही जात,” मी म्हणालो.

त्यावर गिटारवाला हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं.

बेस मी साधारणच वाजवायचो. पण लवकरच बँडला माझा खरा उपयोग कळला. मी अर्ज लिहायचो. प्राचार्यांना सभागृह मिळणेबाबत, विद्युत विभागाला जादा प्लग पॉइंट मिळणेबाबत, पोलीस चौकीला ध्वनिक्षेपकाची परवानगी मिळणेबाबत. चौकीतल्या हवालदारांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “बरेच दिवसांनी कुणी ‘सविनय’ लिहिलं.” परवानगी लगेच मिळाली. दुसऱ्या कॉलेजांची मुलं आमच्याकडे यायची, ती गायकाचा आवाज ऐकून नाही, तर ‘तुमच्यातला तो अर्जवाला कोण’ असं विचारत. तीन वर्षांत आम्ही शहरातल्या जवळजवळ सगळ्या कॉलेजांच्या गॅदरिंगला वाजवलं. प्रत्येक कागदाची झेरॉक्स माझ्या फाइलला लावलेली होती.

फक्त एकच अर्ज मी कधी केला नाही. बाबांना.

आमच्याकडे फोन नव्हता. बाबा अधूनमधून कार्यालयाच्या फोनवरून, साहेबांची परवानगी घेऊन, होस्टेलला फोन लावत. एका शनिवारी त्यांनी लावला आणि मी गाळ्यात होतो. दुसऱ्या दिवशी मी बूथवरून शेजारच्या किराणा दुकानात फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

“काल कुठं होता रे बाबू?”

तोंडातून आपोआप निघालं, “जादा तास होता.”

“जादा तास? कायचा?”

“प्रात्यक्षिकाचा. दर शनिवारी असतो.”

मग बाबांचा आवाज चढला, पण माझ्यासाठी नाही. ते दुकानदाराला सांगत होते, “पोराचा जादा तास चालू आहे म्हणते! आयतवारी सुट्टी तेवढी, शनिवारी बी शिकवून राहिले त्याले!”

त्यानंतर खरं सांगायची संधी दर आठवड्याला येत होती आणि दर आठवड्याला मी ती घालवत होतो. बाबांनी जादा तासाची गोष्ट आख्ख्या कार्यालयात सांगितली. खुद्द तहसीलदार साहेबांनी चौकशी केली की तास कोणत्या विषयाचा. बाबांनी निरोप पाठवला, नाव लिहून पाठव. मी पोस्टकार्डावर लिहिलं, ‘ध्वनी व तरंग यांचे प्रगत प्रात्यक्षिक’. मला वाटलं यात निम्मं तरी खरं आहे. अव्वल कारकुनांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि बाबांनी ते कार्ड कार्यालयातल्या आपल्या स्टुलाच्या वर, भिंतीला, खिळ्यात अडकवलं. हे मला बहिणीच्या पत्रातून कळलं. त्या शनिवारी मी इतकं वाईट वाजवलं की हमाल उठून गेले.

शेवटच्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी निवड झाली. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “जादा तास कामी आला.”

मी रिसीव्हर ठेवला आणि होस्टेलवर जाऊन फुलस्केप काढला.

बँडला त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळाला होता. कंपनीचं प्रशिक्षण शनिवारीही असणार होतं. सोडणं भाग होतं. दुसरा कुणी असता तर चहा पिताना सांगून मोकळा झाला असता. मी अर्ज लिहिला. प्रति, मा. सर्व सदस्य. विषय, बँडच्या सेवेतून मुक्त करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, मी गेली तीन वर्षे आपल्या बँडमध्ये बेस गिटारवादक या पदावर कार्यरत आहे. मला नोकरी लागल्याने यापुढे हजर राहता येणार नाही. इथपर्यंत ठीक होतं. नमुन्याप्रमाणे इथे ‘तरी मला कार्यमुक्त करावे’ लिहून थांबायला हवं होतं. पण कागद अर्धा रिकामा दिसत होता, आणि मी आणखी लिहिलं. की शनिवारी मी वडिलांशी खोटे बोलतो. माझे वडील ते खरे मानून सर्वांना अभिमानाने सांगतात. हे मला यापुढे सहन होत नाही. तसेच, या शनिवारांइतका आनंद मला आयुष्यात कधीही झालेला नाही, हेही नम्रपणे नमूद करतो. कळावे. सोबत, बेस गिटार एक, पट्टा एक, वायर एक.

गाळ्यात तिघांसमोर उभं राहून मी तो दिला. ड्रमर आधी हसला, मग वाचत वाचत त्याने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. गायकाने कागद दोनदा वाचला. तो माझ्याकडे पाहून बोलला, आणि ते प्रथमच.

“हे वापरू का मी?”

“कशासाठी?”

“बघतो. गाण्यात.”

मला वाटलं, याची गाणी कोण ऐकतं. आणि कुणी परवानगी मागितली की ती लेखी द्यावी, हे अंगात भिनलेलं. तिथेच पोत्यावर बसून मी ना हरकत पत्र लिहून दिलं. ‘सदर मजकूर वापरण्यास माझी काहीही हरकत नाही.’ खाली सही. दिनांकासह.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. निदान ते गाणं तरी ठाऊक असेल. स्पर्धेत त्यांनी पहिलं इंग्रजी गाणं म्हटलं तेव्हा लोक वडापाव खायला गेले. दुसरं हे. ‘महोदय, महोदय, शनिवारी मी खोटं बोलतो. वडील माझे खरं मानून सगळ्यांना ते सांगत बसतात. महोदय, महोदय, मला कार्यमुक्त करा.’ त्यावर गर्दी ओरडायची, ‘करा! करा!’ लोक वडापाव हातात घेऊन धावत परत आले, असं म्हणतात. मग कॅसेट आली, सीडी आली. शहरात एफएम सुरू झालं आणि ते गाणं दर तासाला वाजू लागलं. टीव्हीवर त्याचा व्हिडिओ आला. त्यात गायक तहसील कार्यालयासारख्या एका जागी फायलींवर नाचतो. फायली चुकीच्या रंगाच्या होत्या, हे फक्त मला दिसलं असावं. मोठमोठ्या मैदानांवर त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. आणि ज्यांनी हे गाणं सगळ्यांत जास्त उचललं ते माझ्यासारखेच, सॉफ्टवेअर कंपन्यांत शनिवारी राबणारे लोक. आमच्या कंपनीत कुणी नोकरी सोडली की निरोपाच्या ईमेलचा विषय ठरलेला असायचा, ‘महोदय, महोदय’.

एकदा कँटीनमध्ये माझ्याच टीममधल्या एका मुलीला मी न राहवून सांगितलं की ते पत्र मी लिहिलंय.

“हो का?” ती डबा बंद करत म्हणाली. “आणि पानशेतचं धरण मी बांधलंय.”

वार्षिक समारंभात आमच्या व्यवस्थापकांनी ते गाणं म्हटलं. मला टाळ्या वाजवायला मागे उभं केलं होतं. टाळी चांगली धरतोस, म्हणाले.

हे सगळं मला पचलं असतं. पण मग बाबांना मी मोबाइल घेऊन दिला. पहिल्या आठवड्यात फोन लावला, तर पलीकडे ‘ट्रिंग ट्रिंग’ऐवजी गायकाचा आवाज. ‘शनिवारी मी खोटं बोलतो…’ मी घाबरून फोन कापला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी उचलला.

“ऐकलं काय? मोबाइलवाल्यानं बसवून देल्लं. आमच्या ऑफिसचं गाणं आहे म्हणते सगळे.”

“छान आहे,” मी म्हणालो.

“ज्यानं लिहिलं तो आपल्यातला माणूस आहे. ऑफिसातला. ‘महोदय’ बरोबर, ‘कार्यमुक्त’ बरोबर. एकच चूक आहे पाहा. तारीख नाही घातली.”

दोन वर्षं मी बाबांना दर रविवारी फोन केला, आणि दर रविवारी ते उचलेपर्यंत माझाच कबुलीजबाब मला माझ्याच मित्राच्या आवाजात ऐकावा लागला. बाबांना खिशातून फोन काढायला वेळ लागायचा. कधी कधी ‘करा! करा!’पर्यंत जायचं. मी ठरवायचो, आज सांगून टाकू. ते उचलायचे आणि विचारायचे, “जेवला काय?” मी म्हणायचो, जेवलो.

निवृत्तीनंतर बाबा माझा फ्लॅट बघायला आले. वारज्यात, हायवेपासून जवळ, चौथ्या मजल्यावर. मी एकटाच राहत होतो. त्यांनी नळ उघडून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या, सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच्या सूचना वाचल्या आणि त्यातल्या एकीवर सही नाही हे मला सांगितलं. मग गॅलरीत गेले. समोर हायवेला भलं मोठं होर्डिंग होतं. त्यावर गायक, गिटारवाला, ड्रमर आणि माझ्या जागी आलेला एक देखणा मुलगा. शनिवारी पुण्यात कार्यक्रम.

“हे तं ते गाणंवाले!” बाबा म्हणाले. “जाऊ आपण. मले त्या माणसाले भेटायचं आहे.”

“कुणाला?”

“ज्यानं अर्ज लिहिला त्याले. तारखेचं सांगतो ना त्याले. मोठा माणूस असन, पण चूक ते चूक.”

आता पळायला जागा नव्हती. तोंडी सांगायचं तर शब्द सापडेना. मी कपाटातून फाइल काढली आणि माझ्या राजीनाम्याची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली.

बाबांनी चष्मा लावला. बोट ‘प्रति’वर ठेवलं आणि ओळीखालून सरकवत नेलं. ‘शनिवारी मी वडिलांशी’ इथे ते थांबलं. मग पुढे गेलं. ‘अभिमानाने’ इथे पुन्हा थांबलं. शेवटी खालच्या सहीवर आलं. ती त्यांना ओळखता येणारच होती. लहानपणी सहलीच्या अर्जाखाली मी तीच करायचो.

“तारीख तं आहे इथं,” ते एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी भाकरी टाकल्या, त्या गोल झाल्या नाहीत, त्यावर त्यांनी शेराही मारला नाही. जेवताना एकदाच, ताटाकडे बघत म्हणाले, “साहेबाले सांगितलं होतं मी. तीन साहेब बदलले, तिघांलेही सांगितलं.” मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. फाइल मात्र त्यांनी उशाशी घेतली.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ते ती उघडून बसले होते.

“याची पोच कुठं आहे?”

“कशाची पोच?”

“राजीनामा देल्ला ना तू? मिळाला म्हणून त्यायनं सही देल्ली? मंजूर झाल्याचं पत्र आलं काय?”

“बाबा, बँड होता तो. चौघं होतो आम्ही. मी कागद दिला आणि आलो.”

“आला म्हणजे? मंजुरी नसली तं माणूस सेवेतच राहते. इतकी वर्सं तू बिनापरवानगी गैरहजर आहे.” ते खरोखर चिडले होते, पण काल ज्यावर चिडतील असं वाटलं होतं त्यावर नाही. “जा. पोच घेऊन ये. चाल, मीही येतो.”

बँडमधल्या तिघांना मी वर्षानुवर्षं भेटलो नव्हतो. त्यांनी टाळलं नव्हतं, मीच टाळलं होतं. एवढ्या मोठ्या झालेल्या लोकांना कुठल्या तोंडाने भेटायचं, आणि भेटून म्हणायचं काय, तुमच्या गाण्यामुळे मला घरी फोन करायची भीती वाटते? त्यांचे मोबाइल माझ्याकडे नव्हते. मी मार्केट यार्डातल्या गाळ्याचा जुना नंबर फिरवला. ड्रमरच्या वडिलांनी उचलला आणि तासाभरात ड्रमरचाच फोन आला. “अरे, जिवंत आहेस होय तू! आम्ही मेलास समजून दर कार्यक्रमात तुझं गाणं म्हणतोय! शनिवारी चारला ये, साउंडचेकला. कसली पोच? काय बोलतोयस?”

शनिवारी चारला मैदान रिकामं होतं. नुसत्या खुर्च्या आणि वायरी. गायक स्टेजवरून उतरून आला, केस पांढरे झालेला, आणि तसाच कुणाकडे न पाहता बोलणारा. बाबांच्या पाया पडला. बाबांनी नमस्कार अर्ध्यावर थांबवून झेरॉक्स पुढे केली.

“याची पोच पाहिजे होती.”

गायकाने कागद ओळखला. गिटारवाल्याला हाक मारली. तिघे वाकून बघत राहिले.

“काका,” गायक शेवटी म्हणाला, “पोच देऊ. पण आमच्याकडे शिक्का नाही.”

“सही चालते.”

“आणि मंजूर करायचं का नामंजूर?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे. “ते तुमचं. मी आवक-जावकवाला माणूस आहे.”

गिटारवाल्याने, जो कधीच बोलत नसे, पेन घेतलं आणि समासात लिहिलं, ‘अर्ज मिळाला. निर्णय प्रलंबित.’ खाली तिघांनी सह्या केल्या. माझ्या जागी आलेला देखणा मुलगा लांब उभा होता. त्याने काही न विचारता खांद्यावरून बेस काढून माझ्याकडे दिला. तो चांगला मुलगा आहे, हे मला नमूद करायला हवं.

आम्ही ते गाणं वाजवलं. खरं म्हणजे त्यांनी वाजवलं. मी दुसऱ्याच ओळीला चुकलो. बोटं कीबोर्डाला सरावलेली, तारा आठवणीपेक्षा जाड. तिसऱ्या ओळीला मी मागे पडलो, चौथीला पुढे गेलो. मग समोरच्या रिकाम्या खुर्च्यांमधून टाळी ऐकू आली. बाबा उभे होते, मान थोडी वाकडी करून, कोरसच्या शेवटच्या माणसासारखे, आणि टाळी धरत होते. इतक्या वर्षांत ती तसूभरही सरकली नव्हती. मी बाकी सगळं सोडलं आणि तिच्यावर चाललो. ‘शनिवारी मी खोटं बोलतो’ आलं तेव्हाही ती थांबली नाही.

परतताना रिक्षात ते बाहेर बघत होते. कोथरूड मागे पडल्यावर म्हणाले, “मी तं कागदही नव्हता देल्ला.”

“कुणाला?”

“पार्टीले. नोकरी पक्की झाली, जायाचं बंद केलं. त्यायनं दोन वर्सं माझी जागा रिकामी ठेवली म्हणते. तू निदान अर्ज तं देल्ला.”

वारज्याचा पूल आला. मग मी तो प्रश्न विचारला जो मला इतकी वर्षं छळत होता. गावी गेल्यावर कार्यालयातल्या लोकांना काय सांगणार?

“काय सांगणार? जादा तासाले जात होता म्हणून सांगितलं आहे, तेच आहे.” त्यांनी झेरॉक्स घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. “अन् काय होता मंग तो?”

बाबा गावी परत गेले. माझा अर्ज अजून प्रलंबित आहे. ड्रमर कधी शनिवारी फोन करतो आणि गाळ्यावर बोलावतो, आणि मी जातो. फार काही सुधारणा नाही, हमालांचंही तेच मत आहे. रविवारी मी बाबांना फोन लावतो. गाणं तेच आहे. आता ते आणखी उशिरा उचलतात. एकदा मी विचारलं, फोन लांब ठेवता का, तर म्हणाले, “हातातच असते. पुरा अर्ज ऐकू देतो तुले.”